मोजणीचा दिवस

ता. ८ जानेवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे पत्र. शिवाय पत्रात तुम्ही मला मध्येच तोडू शकत नाही!

तुमच्या खुर्चीवर बसून मला चार महिने झाले. तिचा एक पाय अजून आखूडच आहे आणि त्याखाली तुमच्या हातची पुठ्ठ्याची घडीही तशीच आहे. घासणखोलीतली माणसं मला 'धूळमास्तरीण' म्हणतात. तुम्ही धूळमास्तर, मग मी दुसरी कोण असणार?

एक अडचण आलीय. मागच्या महिन्यात वजनकाटा दुरुस्तीला गेला होता, त्यामुळे मोजणीची तारीख पुढे गेली आणि नवी तारीख फळ्यावर लिहायची राहूनच गेली. काटा परत आल्यावर मंगळवारी सकाळी मी तशीच उठून गेले. चौघांच्या कमरेला हवा ओढणारे पंप बांधले, गळ्याशी डब्या अडकवल्या आणि संध्याकाळी त्यांतल्या धूळ गाळणाऱ्या चकत्या काढल्या. तुमच्या वेळच्या चकत्या मी कपाटात पाहिल्यात, दिवसभर हवा ओढूनही जेमतेम मळलेल्या. या चारही चकत्यांवर मात्र पोळपाटावर पीठ भुरभुरावं तसा थर होता. आधीचं वजन, नंतरचं वजन, वजाबाकी. तीनदा केली. कच्च्या बेसिनांच्या कडा घासताना जेवढी धूळ उडायला परवानगी आहे, तिच्या तिप्पट!

माझं काय चुकलं? तुम्ही हे काम पुस्तकं वाचून स्वतःचं स्वतः शिकलात, सव्वीस वर्षं केलंत. तुमच्याशिवाय विचारू कुणाला?

घरी सगळं ठीक. बाबांनी नमस्कार सांगितलाय.

तुमची
मुंगी

*

ता. १५ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्म्यासकट. दोन्ही वेळा तिप्पटच दिसलं. घाबरू नकोस. पहिल्या वर्षी माझी एक चकती वजनाला आधीपेक्षा हलकी भरली होती! म्हणजे माझ्या हिशोबाने तो माणूस दिवसभर हवा स्वच्छ करत होता.

आता नीट ऐक. चकतीला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायची. काट्याची काच बंद करायची आणि आकडा थांबेपर्यंत आपला श्वास धरायचा. नळी कॉलरपाशी राहिली की नाही ते दर तासाला बघायचं. आणि डबीवर लक्ष ठेव. एका इब्लिसाने एकदा आत चिमूटभर माती घातली होती, म्हणे बघू मास्तर पकडतो का. पकडला. मग महिनाभर त्याच्याकडूनच पंप पुसून घेतले.

पण खरी चूक निराळीच आहे गं. तू फळ्यावर तारीख लिहिली नाहीस. न सांगता कुणाच्या घरात शिरू नये, तसं कामातही शिरू नये. मी सव्वीस वर्षांत एकदाही शिरलो नाही. तीन महिन्यांनी मोजणी, तर आठ दिवस आधी फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात तारीख. आणि काय सांगू, माणसं काय जीव लावायची! त्या दिवशी एकेकाच्या अंगावर धुतलेले कपडे. जमिनीवर झारीने पाणी शिंपलेलं. दोन्ही पंखे चालू. हातसुद्धा सावकाश चालायचे, जणू बेसिन नाही, तान्हं मूल पुसतायत. पाहुणा यायचा म्हटलं की घर झाडतात ना, अगदी तसं. त्यांनी मला वरच्या साहेबांपुढे कधी मान खाली घालू दिली नाही. 'सव्वीस वर्षांत एकदाही मर्यादा ओलांडली नाही' असं प्रशस्तिपत्र माझ्या भिंतीवर आहे, पण खरं बघशील तर ते त्यांचं आहे.

तेव्हा तारीख लिही, मग जा. चकती बघ कशी गुणी होते ती.

धाकट्याला, म्हणजे तुझ्या बापाला म्हणावं, दोन ओळी खरडायला हात झिजतात का? पाठीला पाठ लावून आला, पण पत्राच्या बाबतीत सावत्र निघाला.

तुझा
काका

*

ता. २ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. नमस्कार.

तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. चिमटा, काच, श्वास धरणं, सगळं. मग आणखी तीनदा न सांगता गेले. तिन्ही वेळा तिप्पट, एकदा तर थोडं वरच. मग तुमच्यासारखी तारीख लिहून गेले. मर्यादेच्या निम्मं!

काका, चकती गुणी नाही हो, त्या दिवशीची खोली गुणी असते.

एरवी तिथे पाण्याचा थेंब पडत नाही. मुकादमांची पाटीच आहे. ओल्या जमिनीवर ढकलगाडी घसरते आणि कच्च्या बेसिनावर थेंब पडला तर तुकडा बाद. दुसरा पंखा बंद, कारण झोताने कच्चा माल तडकतो. आणि हात? ठरलेले नग भरायचे असतात, तान्हं मूल पुसायला वेळ कुणाला? आपण वर्षातले चार दिवस मोजलेत आणि बाकीच्या सगळ्या दिवसांवर त्याच चार दिवसांचा शिक्का मारलाय.

तुमच्या चुका काढायला मी हे लिहीत नाही. कारण वेगळं आहे. चौथ्या बाकावरच्या एका माणसाच्या छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना डाग आलेत. आपल्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, दिसतं धुळीच्या आजारासारखं, पण तसं लिहू कसं? सव्वीस वर्षांच्या नोंदी सांगतात की त्या खोलीत धूळच नाही. म्हणून त्याला बाकावरून हलवत नाहीत.

तुम्ही सुरक्षा खात्याला एवढंच लिहून द्याल का, की मोजणीच्या दिवशी पाणी शिंपलं जायचं आणि दोन्ही पंखे चालायचे? खोटं काहीच नाही त्यात. तुम्हीच मला लिहिलंत ते.

मुंगी

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

आशीर्वाद आहेतच. पण आज हात जड आहे.

सहा महिने झाले नाहीत खुर्चीवर बसून, आणि माझ्या सव्वीस वर्षांवर पाणी ओतायला निघालीस. मी आकडा कधी खोडला का? कुणाची चकती बदलली का? काट्याने जे दाखवलं ते लिहिलं. मी लबाड असेन तर सरळ तोंडावर म्हण.

माणसांनी प्रेमाने जमीन शिंपली, त्याला आता तू फसवणूक म्हणणार. उद्या त्यांना बोलावून साहेब विचारेल, कुणी शिंपलं पाणी? तेव्हा कोण उभं राहील? तू?

आणि चौथ्या बाकावरचा तो जो कोण असेल, त्याला आधी विचार दिवसाला विड्या किती ओढतो. विडी ओढणाराच असणार. माणसं घरी छाती जाळतात आणि खापर कारखान्यावर फोडतात. धाकट्यालाच बघ ना. एकोणीस वर्षं तिथे आहे आणि कसा ठणठणीत! खोली इतकी वाईट असती तर त्याला नसतं झालं काही?

गुडघा दुखतोय. पुरे करतो.

काका

*

ता. २६ फेब्रुवारी

ती. काकांस,

चौथ्या बाकावर बाबा आहेत.

त्यांनी शपथ घातली होती, म्हणून पहिल्या पत्रात 'घरी सगळं ठीक' लिहिलं. म्हणाले, "दादाला कळवू नकोस. त्याच्या भिंतीवर एकच चौकट आहे." त्यांना मागच्या पावसाळ्यातच आपला आजार कळला होता, आम्हाला कळायला वेळ लागला. जिना चढताना ते मधल्या वळणावर बसतात. मी विचारलं तर म्हणाले, चपलेचा बंद सुटलाय. काका, त्यांच्या चपलेला बंदच नाही. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात खाली ठेवतात, श्वास घेतात आणि परत उचलतात. आई समोर असली की नुसतं ऐकत बसल्याचं नाटक करतात.

तुमचं पत्र त्यांनीच फोडलं. मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'विडी ओढणाराच असणार' या ओळीला पोट धरून हसले. त्या हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना म्हणून पत्र माझ्या हातात देऊन बाहेर गेले. आयुष्यात त्यांनी काडीसुद्धा दुसऱ्याची विडी पेटवायला ओढली असेल तेवढीच.

आता आमची अडचण सांगते. बाबांनी स्वतःहून काम सोडलं तर दवाखाना सुटतो आणि राहायची खोलीही, कारण दोन्ही कारखान्याचं. लेबलं लावायच्या खोलीत, जिथे धूळ नाही, तिथे बदली मिळते. पण ती फक्त त्यालाच, ज्याचा आजार धुळीमुळे झाला असं डॉक्टर लिहून देतील. डॉक्टर नोंदी बघतात. नोंदीत धूळ नाही. म्हणजे परत चौथं बाक. रोज सकाळी ते डबा घेऊन निघतात आणि मी त्यांच्या मागून त्याच फाटकातून आत जाते.

माझे तिप्पटचे चारही कागद सुरक्षा खात्याने परत पाठवले. वर लिहिलंय, 'नियम क्रमांक एकचा भंग: मोजणीआधी आठ दिवस सूचना दिलेली नाही. नोंद अग्राह्य.' मी नियमांची वही काढून बघितली. पहिला नियम तुमच्या अक्षरात आहे.

मी तुम्हाला लबाड म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.

मुंगी

*

ता. २० मार्च

चि. मुंगीस,

तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. चौथ्यांदा बसलोय.

आधी कामाचं. सुरक्षा खात्याला काल रजिस्टर पत्र टाकलं. तू सांगितलंस तेवढंच नाही, सगळं लिहिलंय. पाणी, पंखे, सावकाश हात, आठ दिवस आधीची तारीख. खाली सही केली. 

आता त्या नियमाचं. मी नवा होतो तेव्हा एक साहेब होता. मांजरीच्या पावलांनी यायचा आणि कोण टेकलंय, कोण पाणी पितंय ते टिपायचा. बायामाणसं त्याच्या धाकाने तहान मारायची. मला पुढे नियम लिहायला सांगितले तेव्हा मी पहिला तोच लिहिला, न सांगता आत यायचं नाही. माणसांची अब्रू राहावी म्हणून दाराला कडी लावली, पोरी. आत कोण कोंडलं गेलं ते बाहेरून दिसलं नाही.

खोटं बोललो. दिसत होतं. सुटीचा भोंगा झाला की धाकटा फाटकातून यायचा तो पापण्यांसकट पांढरा. मी त्याला 'पिठातला उंदीर' म्हणून चिडवायचो. सगळे हसायचे, तोही हसायचा. माझा सख्खा भाऊ रोज माझ्यासमोर पांढरा होऊन उभा राहत होता आणि मी चकतीवर विश्वास ठेवत होतो. लिहिता-वाचता येणाऱ्याचं असं होतं. कागद हातात आला की डोळे मिटतात.

विडीचं जे लिहिलं ते त्याला सांगून पुसता येत असेल तर पूस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण या खेपेला चावा मी घेतला.

चौकट भिंतीवरून काढली. मागे भिंतीचा रंग जास्त उजळ आहे. तोही चौकोन आता डोळ्यांना खुपतो.

काका

*

ता. ४ एप्रिल

ती. काकांस,
सा. नमस्कार.

तुमच्या पत्राला खात्याचं उत्तर आलं. एक प्रत मला दिली. जसंच्या तसं उतरवते: 'निवेदक हे संबंधित कामगाराचे सख्खे बंधू आहेत. तसेच सदर नोंदी निवेदकांच्याच स्वाक्षरीच्या आहेत. स्वतःच्याच स्वाक्षरीविरुद्ध केलेले निवेदन ग्राह्य धरता येत नाही.'

म्हणजे तुम्ही लिहिलेला कागद खरा, आणि लिहिणारे तुम्ही खोटे. बाबा म्हणाले, "दादाने इतकं पक्कं काम केलंय की आता त्यालाच मोडता येईना."

एक फट मात्र ठेवलीय. वीस तारखेला बाहेरून सरकारी तपासनीस येणार आहेत. त्यांच्यासमोर, नियमाप्रमाणे, सूचना देऊन मोजणी होईल. त्यात मर्यादा ओलांडली तरच जुन्या नोंदींवर फेरविचार होईल.

सूचना देऊन! तारीख फळ्यावर लिहिलीय, माझ्याच हाताने. मुकादमांनी झाऱ्या धुऊन ओळीने ठेवल्यात, चार. दुसऱ्या पंख्याला तेल घातलंय. वीस तारखेला जमीन ओली असेल, चकती गुणी असेल, आणि तपासनीस सही करून जातील. मग पुढची सव्वीस वर्षंही पक्की.

डॉक्टर म्हणाले, "अजून सहा महिने त्या बाकावर काढले, तर बदलीचा कागद घेऊन मी काय करू?" मला म्हणाले. बाबांना नाही.

काका, मला काही सुचत नाही.

मुंगी

*

ता. ९ एप्रिल

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

सुचत नाही म्हणू नकोस. तुला धूळ दिसते, मला माणसं दिसतात. पाणी झारी शिंपत नाही, माणूस शिंपतो.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. चहाच्या सुटीत घासणखोलीत वाचून दाखव. मुकादम असला तरी वाच, म्हातारा लांबून काय बोलतो ते त्यालाही कळू दे.

काका

(चिठ्ठी)

घासणखोलीतल्या सर्व माणसांस, धूळमास्तराचा नमस्कार.

तुम्ही सव्वीस वर्षं माझ्यासाठी जमीन शिंपलीत. माझी मान ताठ राहिली. तुमच्यातल्या एकाची आता वाकली आहे, तो माझा भाऊ आहे. उद्या आणखी कुणाची वाकेल. माझ्या आकड्यांनी तुम्हाला तिथे कोंडून ठेवलंय. मला ते कळायला तुमच्यातला एक जण आजारी पडावा लागला, आणि तोही माझ्या घरातला.

वीस तारखेला रोज करता तसंच काम करा. रोज जशी असते तशीच जमीन ठेवा. इतकी वर्षं माझा मान राखलात, आता तो मोडा. एवढंच मागतो.

*

ता. २५ एप्रिल

ती. काकांस,
सा. नमस्कार.

सविस्तर लिहिते, कारण बाबा म्हणाले, दादाला तपशील लागतात.

चिठ्ठी चहाच्या सुटीत वाचली. पहिल्या बाकावरची मावशी (तुम्ही तिला 'फौजदारीण' म्हणायचात) कपात बघत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हाताऱ्याला उशिरा का होईना, दात आले." मग सगळे उठून कामाला लागले. हो की नाही, काहीच कळेना. वीस तारखेपर्यंतचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक.

वीस तारखेला तपासनीस दारात वही घेऊन उभे. चारही झाऱ्या भरून ठेवलेल्या. कुणी हात लावला नाही. मुकादम आधी खाकरले, मग म्हणाले, "अरे, झाऱ्या कशाला भरल्यात?" कुणी वर बघेना. शेवटी स्वतःच एक उचलली. फौजदारीण म्हणाली, "साहेब, जपून. बेसिनावर थेंब पडला तर तुकडा बाद. तुमचीच पाटी आहे." तपासनीसांनी पाटी वाचली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मुकादमांनी झारी खाली ठेवली आणि पंख्याच्या बटनाकडे वळले. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "झोताने माल तडकतो हो साहेब, ती पाटी पलीकडच्या भिंतीवर आहे." तपासनीस तीही वाचून आले. हसू नये म्हणून मी पंपांचे पट्टे मोजत बसले.

चार पंप होते. चौथा बाबांनी मागून घेतला. मी म्हटलं, "तुम्ही नको, आजच्या दिवस बाहेर बसा." म्हणाले, "माझ्या बाकावरची धूळ माझ्या नाकाने मोजू दे." मी त्यांच्या कमरेला पट्टा बांधला. भोकं संपली, पट्ट्याला आणखी दोन पाडावी लागली, इतके वाळलेत. कॉलरला डबी अडकवली. आणि काका, माझ्या मनात आलं, भरू दे. आज भरपूर धूळ उडू दे, बाबांच्या तोंडाशी उडू दे. मी त्यांची मुलगी. त्यांच्या गळ्याशी उभी राहून हे मागत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना कळलं असावं. कान पकडला माझा, लहानपणी पकडायचे तसा, आणि बाकाकडे गेले.

दिवसभर ते थांबले नाहीत. दर तासाला मी नळी तपासायला गेले की ते वर बघायचे नाहीत. दुपारी खोलीच्या टोकाचा माणूस इकडून दिसेना इतकं पांढरं झालं. सगळे रोज करतात तेवढंच करत होते. मी मात्र ते पहिल्यांदा दिवसभर उभी राहून बघत होते.

चकत्या तपासनीसांसमोर तोलल्या. काच बंद करून दोघांनीही श्वास धरला. बाबांची चकती मर्यादेच्या साडेचारपट. बाकीच्या तिन्ही तिपटीच्या वर.

काल हुकूम आला. पाण्याने घासायची यंत्रं बसेपर्यंत खोली बंद. तिथल्या सगळ्यांना दुसऱ्या खोल्यांत वाटून दिलंय, आणि सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायचेत. फौजदारीण भट्टीकडे गेली, ती मला कालपासून शिव्या देते, तिथे उकडतं म्हणून. डॉक्टरांनी बाबांच्या कागदावर लिहिलं: धुळीचा आजार, कामामुळे. बाबा सोमवारपासून लेबलांच्या खोलीत बसणार.

मी डॉक्टरांना विचारलं, आता उतरेल ना? म्हणाले, "वाढायचं थांबेल, एवढी आशा. आत बसलंय ते बाहेर येत नाही."

मुंगी

*

ता. ३ मे

प्रिय धाकट्यास,

हे तुला थेट लिहितो. पोरीच्या पत्रातून किती दिवस बोलायचं?

मला माफ कर असं लिहिलं आणि खोडलं. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि तुझा श्वास आधीच कमी आहे. तुझ्यावर ते ओझं नको.

एवढ्या अंधारात एकच गोष्ट मनाला धरून आहे. माणसांनी माझा शब्द राखला. सव्वीस वर्षं माझ्या प्रेमापोटी पाणी शिंपलं आणि त्याच प्रेमापोटी त्या दिवशी शिंपलं नाही. माझं मोजणं चुकलं, पण माणसं जोडण्यात मी चुकलो नाही. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे.

कसा आहेस? खरं लिही. चपलेच्या बंदाचं नको सांगू.

तुझा
दादा

*

ता. १९ मे

ती. दादास,
नमस्कार.

लिहायची सवय नाही. रोज थोडं थोडं लिहून हे आज पुरं केलं.

मी बरा आहे म्हणजे जिन्यात दोनदा बसतो. आता कुणी विचारलं की दमलोय म्हणतो. लेबलं लावायचं काम बसून आहे. खिडकी आहे. हाताला पांढरं काही लागत नाही. पहिले दोन दिवस सारखे हात धुवायला उठायचो, सवयीने.

तू खरं लिही म्हणालास. तेव्हा एक सांगतो, आणि रागावू नकोस.

पाणी तुझ्यासाठी नव्हतं रे.

तुझ्यावर जीव होता, ते खोटं नाही. पण एरवी झारीला हात लावला की मुकादम अंगावर यायचा. तुझी तारीख फळ्यावर लागली की तो स्वतःच म्हणायचा, शिंपा, पंखे लावा, सावकाश घ्या. तेवढाच एक दिवस. त्या दिवशी समोरच्या बाकावरच्याचं तोंड दिसायचं. बोलता यायचं. फौजदारीण तर त्या दिवशी गायची, तुला वाटायचं तू आलास म्हणून गाते. मी संध्याकाळी घरी एका दमात जिना चढायचो. धुतलेले कपडे घालायचो ते त्या एका दिवशी मळायचे नाहीत म्हणून. तू खडूने तारीख लिहून गेलास की आम्ही त्या दिवसापासून बोटांवर दिवस मोजायचो, आठ, सात, सहा.

वर्षाला चार. मला एकोणीस वर्षांत शहात्तर मिळाले असते, पण एकदा तापाने घरी होतो. पंचाहत्तर.

आम्हाला ठाऊक होतं तुझी चकती खोटं दाखवते. सगळ्यांना. मला तर पहिल्या वर्षापासून. कितीदा वाटलं, घरी जेवताना सांगावं. तू भात कालवत बसलेला असायचास आणि माझ्या तोंडाशी यायचं. पण मग तू दुसऱ्या दिवसापासून न सांगता आला असतास. तू तसाच आहेस, खरं कळलं की थांबत नाहीस. आणि ते झाऱ्यांचे चार दिवसही गेले असते. पुढे काही बरं होईल असं तेव्हा कुणाला वाटत होतं? समोर दिसत होते ते चार दिवस. ते मी धरून ठेवले. तुझ्यापासून.

तेव्हा कोंडलं तू एकट्याने नाही. आतून कडी मी धरली होती.

तुझा
धाकटा